ब्रेकबाईंच्या गाडीतला तेलाचा काटा

माझ्या थोरल्या बहिणीला आमच्या वस्तीत ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर सगळे ‘मॅडम’ म्हणतात आणि सरळ उभे राहतात. ती लोकांना गाडी शिकवते. तिच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी तीन पेडल असतात आणि शेजारी बसलेल्या ताईच्या पायाशी दोन, क्लच आणि ब्रेक. सत्तावीस वर्षं तिचा पाय त्या ब्रेकवर आहे. घरी कोचावर बसून बातम्या बघतानाही तो थोडा पुढे असतो, आणि बातम्या देणारा फार भरभर बोलायला लागला की फरशीवर दाबला जातो. ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

मी तिचा धाकटा भाऊ. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात, म्हणजे तिच्याच घराच्या पुढच्या खोलीत, बसतो. अर्ज भरतो, फोटो चिकटवतो, परीक्षेच्या तारखा सांगतो. मला स्वतःला गाडी येत नाही. ताईनेच शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी तिने चौकाच्या मधोमध हॅन्डब्रेक ओढला आणि म्हणाली, "तू अर्ज भर." तेव्हापासून भरतोय.

ताईच्या नाकावर माशी बसत नाही, आणि तिचं म्हणणं खाली पडत नाही. तिच्या धंद्यात ते चालतं, किंबहुना लागतंच. समोरून ट्रक येत असताना "मला असं वाटतं की तुम्ही जरा डावीकडे घेतलंत तर" असं बोलणारा माणूस फार दिवस शिकवू शकत नाही. अडचण एवढीच की, घरात ट्रक येत नसतो.

घरात असतात दाजी, म्हणजे ताईचे यजमान. चौतीस वर्षं नळखात्यात होते. अर्ध्या शहराच्या पाइपांचे जोड त्यांच्या हातचे आहेत. मवाळ माणूस, बोलणं मोजकं, आणि निवृत्त झाल्यापासून थोडा विसराळू. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधण्याइतकाच, जास्त नाही. निवृत्तीनंतर घरात बसून माणूस गंजतो म्हणून ताईने त्यांना एक काम लावून दिलं होतं. रोज सकाळी गाडी बाहेर पडायच्या आधी इंजिनातलं ऑइल बघायचं. बॉनेट उघडायचं, तेलाची पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा ओढायची, आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते बघायचं. दोन मिनिटांचं काम. दाजी त्याला दहा मिनिटं लावत, कारण त्यांना ते आवडायचं.

मग दोन वर्षांपूर्वी इंजिन जाम झालं.

गणिताचे एक मास्तर शिकत होते. चढावर इंजिनातून खडखड यायला लागली. मास्तरांना वाटलं, आपलाच गिअर चुकला, आणि चूक झाकायला त्यांनी आणखी जोर लावला. ताईने ब्रेक मारेपर्यंत इंजिन एकदा किंचाळलं आणि थांबलं ते थांबलंच. तेलाचा दाब पडला की समोर लाल दिवा लागायला हवा. तो लागला नव्हता. नंतर कळलं की त्याचा बल्ब कधीच गेलेला होता. दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं आम्ही कित्येक महिने समजत होतो.

गाडी ओढून न्यायला आलेल्या माणसाने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "तेल नसणार." झालं. ताई घरी आली ती थेट दाजींसमोर उभी राहिली.

"सकाळी तेल बघितलं होतंत?"

"बघितलं होतं," दाजी म्हणाले.

"नाही बघितलं तुम्ही."

"अगं, बघितलं होतं. वरच्या खुणेपर्यंत होतं."

त्याच आठवड्यात दाजींनी मागच्या न्हाणीतला नळ उघडा ठेवला होता आणि पाणी स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं. नळखात्यातला माणूस नळ उघडा विसरतो, मग तेलाचं काय घेऊन बसलात? ताईने निकाल दिला. दाजी आणखी एकदा "बघितलं होतं" म्हणाले, आधीपेक्षा हळू, आणि मग गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून ताई स्वतः तेल बघायला लागली. दाजींनी गाडीला हात लावायचा नाही, असं कोणी ठरवलं नाही. ते आपोआप ठरलं.

खरं काय ते सांगणारं कोणी नव्हतं. एकीकडे दाजींचा शब्द, दुसरीकडे ताईची खात्री, आणि त्या घरात खात्रीचं वजन नेहमीच जास्त. पण ती एक गोष्ट सगळीकडे पाझरत गेली. दाजी म्हणाले "गॅस बंद केलाय", की ताई उठून बघून यायची. दाजी म्हणाले "मागचं दार लावलंय", की ताई उठायची. ती काही बोलायची नाही, नुसती उठायची. पुढे पुढे दाजीच म्हणायला लागले, "लावलंय बहुतेक, तू बघून घे." मी पुढच्या खोलीत बसून हे सगळं ऐकत होतो. बहिणीच्या संसारात भावाने तोंड घालू नये, असं म्हणून मी मूग गिळून बसलो होतो. हे कारण फार सोयीचं असतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नवं काम केलेलं इंजिन गाडीत बसलं, लाल दिव्याचा बल्ब बदलला, तरी ताईचा दिव्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. "दिवा सांगतो ते इंजिन मेल्यावर," ती म्हणायची. "मला ते आजारी पडल्यावरच कळलं पाहिजे." दोन वर्षं असं म्हणून झाल्यावर एक दिवस तिने काट्याचं मीटर मागवलं. मनगटी घड्याळापेक्षा थोडं मोठं, काळ्या तबकडीचं, शून्यापासून दहापर्यंत आकडे. तेलाचा दाब किती आहे, ते हा काटा सारखं दाखवत राहणार.

गॅरेजवाला म्हणाला, "बाई, पुढच्या आठवड्यात बसवून देतो." त्याचा पुढचा आठवडा आम्हाला माहीत आहे. ताई म्हणाली, "मीच बसवते."

रविवारी सकाळी घरासमोर गाडी उभी केली. ताईने बाह्या वर केल्या. माझ्याकडे सूचनांचा कागद वाचून दाखवायचं काम आलं; अक्षर इतकं बारीक की, लिहिणाऱ्याला आपण काय लिहिलंय ते लपवायचं असावं. दाजी पायरीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते, गाडीपासून नेमके दोन वर्षं लांब.

काम तसं अवघड नव्हतं. बॅटरीची वायर सोडायची. इंजिनाच्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या वर, लाल दिव्याचा एक छोटा स्विच असतो. तो पान्याने सोडवायचा. त्या भोकात पितळेची टी बसवायची, नळाला असते तशीच, फक्त बोटाएवढी. टीच्या एका तोंडाला जुना स्विच परत, म्हणजे दिवाही राहतो, आणि दुसऱ्या तोंडाला नवी पितळी बोंडी, जी दाब ओळखते. बोंडीपासून एक वायर रबराच्या भोकातून आत डॅशबोर्डपर्यंत. आत काटा बसवायचा. तो शिकणाऱ्यासमोर नाही, ताईसमोर. "त्यांना रस्ता बघू दे," ती म्हणाली. "तोच बघत नाहीत."

टी हातात घेतल्यावर ताईने काय केलं, तर खिडकीतलं पांढऱ्या टेपचं रीळ उचललं आणि आट्यांवर टेप गुंडाळायला सुरुवात केली. नळवाल्याच्या घरात तेहतीस वर्षं काढलेली बाई. आटे दिसले की टेप, हे तिच्या हाताला सांगावं लागत नाही. टीला सात वेढे, बोंडीला सात वेढे. घट्ट आवळलं. पायरीवर दाजींनी वर्तमानपत्र खाली केलं, तोंड उघडलं, आणि वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. मी ते पाहिलं.

सगळं जोडून ताईने किल्ली फिरवली, इंजिन चालू न करता. काटा टुणकन उडी मारून थेट दहावर जाऊन बसला.

"इंजिन बंद, आणि दाब पूर्ण," मी म्हणालो. "परवान्याच्या कचेरीतले जुने साहेब असेच होते."

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी कागदात डोकं घातलं. तिने इंजिन चालू केलं, काटा दहावर. बंद केलं, दहावर. सगळ्या वायरी सोडून पुन्हा जोडल्या, दहावर. मग ती क्रमाने माझ्यावर, कागदावर आणि काटा बनवणाऱ्यावर घसरली. एक तास गेला. ऊन पायरीपर्यंत आलं.

"अगं, टेप काढून बघ," दाजी वर्तमानपत्रामागून म्हणाले.

ताई थांबली. दोन वर्षांत दाजी गाडीबद्दल बोललेले पहिले शब्द ते.

"टेप काढली तर गळेल."

"नाही गळणार. आटे निमुळते आहेत, आवळले की पितळच बसतं." त्यांनी वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं, पण ते उठले नाहीत. "त्या बोंडीला वायर एकच आहे. म्हणजे दुसरी वाट इंजिनाच्या अंगातूनच असणार. तू टेपने ती बंद केलीस."

"विजेतलं तुम्हाला काय कळतं?"

"विजेतलं नाही कळत. जायला वाट आहे आणि यायला नाही, तेवढं कळतं."

ताईने टेप काढली. सगळी, नखाने खरवडून. पुन्हा आवळलं, किल्ली फिरवली. काटा शून्यावर शांत पडून राहिला. इंजिन चालू केलं आणि तो हळूच उठला, चारच्या पुढे गेला आणि तिथे थरथरत उभा राहिला. गळत काहीच नव्हतं. मी टाळ्या वाजवणार होतो, पण कोणाकडे बघून वाजवायच्या ते ठरेना. ताई दाजींना काही बोलली नाही. मला म्हणाली, "हत्यारं आवर." दाजी उठून आत गेले.

त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, सकाळपासून लागोपाठ चार शिकवण्या झाल्यावर, दुपारी ताई आणि मी अर्जांचा गठ्ठा घेऊन परवान्याच्या कचेरीत निघालो होतो. ती चालवत होती. ऊन रणरणत होतं, इंजिन तापलेलं. मोठ्या चौकातल्या सिग्नलला गाडी उभी राहिली आणि काटा खाली यायला लागला. दोन. दीड. एकच्या खाली. ताईने पाय दाबून इंजिनाचा वेग वाढवला. काटा कुरकुरत जरासा वर आला आणि पुन्हा बसला. लाल दिवा अजून लागलेला नव्हता. त्याला घाई नव्हती.

सिग्नल सुटताच ताईने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"तेल गेलं असणार," ती म्हणाली. "कुठेतरी गळलं." ती उतरून गाडीखाली वाकली. खाली रस्ता कोरडा होता. थोडा वेळ थांबून तिने बॉनेट उघडलं, रुमालाने धरून पट्टी ओढली, पुसली, घातली, पुन्हा ओढली. तेल वरच्या खुणेला टेकलेलं. सकाळी तिनेच बघितलं होतं, तसंच्या तसं. तिने पुन्हा पुसलं, पुन्हा घातलं, पुन्हा ओढलं. आणि आणखी एकदा.

गप्प बसणं मला जमत नाही, निदान जिथे बसायला हवं तिथे. मी म्हणालो, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. इथे तर आड तुडुंब आणि पोहरा कोरडा."

ताई पट्टी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला होता. मला माझ्याच बोलण्याचा अर्थ अजून कळला नव्हता. तिला कळला होता.

तिने इंजिन पुन्हा चालू केलं नाही. गाडी ओढतच गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने ती वर उचलली, तेल ट्रेमध्ये सोडलं आणि इंजिनाखालचं चेंबर, जिथे तेल साठतं, ते खोललं. ताई तिथेच स्टुलावर बसून राहिली. एरवी ती बसत नाही.

"पंप गेलाय, बाई," तो खालून म्हणाला. "तेल आहे, पण पंप वर चढवत नाही. थंड असताना चढवतो, तापला की सोडून देतो. नशीब, तुम्ही वेळेवर थांबलात. इंजिनाला काही झालेलं नाही."

"पंप नवा नव्हता?"

"नाही. मागच्या वेळी इंजिनाचं काम केलं तेव्हा जुनाच ठेवला. चांगला वाटला होता. नव्या कामावर दोन वर्षं कसाबसा चालला."

ताई स्टुलावरून पुढे वाकली. मग तिने विचारलं, "मागच्या वेळी तुम्ही चेंबर खोललंत, तेव्हा तेल किती निघालं होतं?"

"भरपूर," तो हात पुसत बाहेर आला. "हाच ट्रे काठोकाठ भरला होता. काळं झालेलं, पण होतं पूर्ण."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

तो गोंधळला. "तुम्हीच आल्या आल्या सांगितलंत की तेल नव्हतं म्हणून इंजिन गेलं. मला वाटलं, नंतर तुम्ही भरलं असेल." मग थोडा हसून म्हणाला, "आणि बाई, तुम्ही एकदा सांगितल्यावर मध्ये कोण बोलणार?"

तो खोचकपणे बोलला नव्हता. उलट मान देऊनच बोलला. चूक त्याचीही होती, जुना पंप परत बसवायची, आणि एरवी ताईने त्याला तिथेच सोलून काढला असता. ती नुसती उठली आणि म्हणाली, "नवा टाका." आणि आम्ही चालत घरी निघालो.

वाटेत मी हिशेब लावला, म्हणजे उशिरा का होईना मला समजलं. चोर दोन वर्षं इंजिनात बसून तेल चोरत नव्हता, नुसता अडवत होता, आणि आम्ही संन्याशाला सुळावर चढवलं होतं. ताई माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. कोपऱ्यावर ती थांबली.

"तेव्हा तुला काय वाटत होतं?" तिने मागे न बघता विचारलं. "त्यांनी तेल बघितलं असेल की नाही?"

"बघितलं असेल असं वाटत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

मी म्हणालो, "तू विचारलं नाहीस." गॅरेजवाल्याचंच उत्तर, जरा शब्द बदलून. मला लाज वाटली. दाजी किती निगुतीने पट्टी पुसतात, ते मी खिडकीतून रोज बघत होतो. त्या एका दिवशी माझं लक्ष नव्हतं, म्हणून मी साक्ष दिली नाही. पण पाचशे दिवसांची साक्ष तर माझ्याकडे होती. भिऊन गप्प बसलो होतो, दुसरं काही नाही.

दाजी मागच्या न्हाणीत होते. शेजाऱ्यांचा गळका नळ दुरुस्तीला आला होता. तो खोलून, छोट्या पाटावर बसून ते वायसर बदलत होते. ताई दारात उभी राहिली, मी तिच्या मागे. तिला माफी मागता येत नाही. रिव्हर्स उत्तम घेते, पण गाडीत. शेवटी दाजींनीच वर पाहिलं.

"काय झालं? गाडी कुठाय?"

"गॅरेजात," ताई म्हणाली. "अहो, पंप गेलाय. मागच्या वेळीही पंपच गेला होता. इंजिनात तेल पूर्ण होतं. गॅरेजवाल्याने आज सांगितलं." तिचा आवाज शिकवतानाचाच होता, सपाट आणि स्पष्ट, पण मध्येच त्यातली हवा गेली. "तुम्ही तेल बघितलं होतंत. माझं चुकलं."

दाजींच्या हातातला पाना थांबला.

"बघितलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी त्यात टोमणा शोधला. त्यांच्या जागी मी असतो तर चार टोमणे तयार ठेवले असते; दोन वर्षं मिळाली होती. टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.

"मला आता सांगता यायचं नाही गं," दाजी म्हणाले. "पहिले काही दिवस पक्कं आठवत होतं. मग तू इतकी ठाम होतीस, तर वाटायला लागलं की आपलंच चुकत असेल. आता ती सकाळ आठवायला गेलो, तर मी बॉनेटपाशी गेलोच नाही, असंच आठवतं. पायरीवरून परत फिरलो, असं दिसतं मला." ते जरा ओशाळल्यासारखे हसले. "म्हणजे बघितलं होतं म्हणतेस?"

ताई ओल्या फरशीवर त्यांच्यासमोर बसली. तिला रडताना मी लहानपणानंतर पाहिलेलं नव्हतं, आणि त्या दिवशीही ती रडली नाही.

"बघितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही पायरी उतरलात. बॉनेट उघडून काठी लावलीत. पट्टी ओढलीत, पुसलीत, परत घातलीत. मग पुन्हा ओढून उजेडाकडे धरलीत. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं."

दोन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी ताई आत, आरशासमोर होती. तिने यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. तरी ती सांगत राहिली, एकेक करून, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. दाजी मान हलवत लक्ष देऊन ऐकत होते, दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट ऐकावी तसे.